घरचा नॅस आणि बॅकअप: आधी तार, मग डबा, मग डिस्क

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या गावभागातल्या घरात तळमजल्यावर लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या खणात लग्नाचा अल्बम, मुलीच्या बारशाच्या सीड्या आणि एक पोर्टेबल हार्ड डिस्क होती. सगळं एका जागी असावं म्हणून मीच तिथे ठेवलेलं. पाणी उतरल्यावर अल्बमची पानं एकमेकांना चिकटली होती आणि डिस्क उघडली तर आत गाळ.

त्यानंतर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मी नॅस लावला. नॅस म्हणजे राउटरला जोडलेला असा डबा, की त्यातली डिस्क घरातल्या सगळ्या फोनांना, लॅपटॉपला आणि टीव्हीला दिसते. मी तो तीनदा लावला, कारण पहिल्या दोन वेळी कामाचा क्रम चुकला. तुम्हाला एकदाच लावावा लागावा म्हणून हे लिहितोय. मी नेटवर्कवाला नाही, बँकेत नोकरी करतो. त्यामुळे जे मला जमलं ते तुम्हालाही जमेल.

आधी हे हाताशी ठेवा

- राउटरचा ॲडमिन पासवर्ड (वायफायचा वेगळा, हा वेगळा; बहुतेकदा राउटरच्या बुडाशी चिकटवलेला असतो)
- फायबरच्या कनेक्शनचा युजरनेम आणि पासवर्ड. राउटर चुकून रीसेट झाला तर याच्याशिवाय नेट परत येत नाही. प्रोव्हायडरला आजच फोन करून लिहून घ्या.
- कॅट-६ केबल (नेटवर्कची तार), आरजे-४५ कनेक्टर (तिच्या टोकाचा प्लग), क्रिंपिंग टूल (तो दाबून बसवायचा चिमटा), केबल टेस्टर
- डिस्कची बिलं. फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते.
- एक वही. हसू नका, शेवटी लागणार आहे.

१. आधी मोजा

प्रत्येकाच्या फोनचं स्टोरेज उघडा, लॅपटॉपच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, आणि बेरीज करा. आमच्या चौघांची ९०० जीबी भरली. त्यात बरेचसे दोनदोनदा कॉपी केलेले फोटो आणि व्हॉट्सॲपवरची सुप्रभातची फुलं होती. साफसफाई आधी करा. एकदा सगळं नॅसवर चढलं की कोणी करत नाही.

बेरजेच्या तिप्पट जागा धरा, पाच वर्षं निभावेल. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

२. डबा कोणता घ्यायचा

तीन रस्ते आहेत. राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावणं हा पहिला. आठवडाभर हौस म्हणून करून बघा, पण वेग रडका असतो आणि फारशा सोयी नसतात.

दुसरा म्हणजे रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) किंवा जुना पीसी, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट टाकून. फुकटातलं सॉफ्टवेअर आहे, चांगलं आहे. पाय घेणार असाल तर ४ किंवा त्याच्या पुढचाच घ्या. त्याच्या आधीच्या पायवर खरं गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिटचा वेग) मिळत नाही. दोन पोर्टेबल डिस्क थेट पायच्या यूएसबीला लावू नका. दोघींना पुरेल एवढा करंट तो देऊ शकत नाही, आणि मोठी कॉपी चालू असताना मधेच एक डिस्क गायब होते. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब लावा. जुना लॅपटॉप वापरायची कल्पना मोहक वाटते, बॅटरी म्हणजे आयता यूपीएसच. पण सात वर्षं जुनी बॅटरी चोवीस तास चार्जिंगवर ठेवली की फुगते. माझी टचपॅड वर उचलण्याइतकी फुगली होती.

तिसरा रस्ता तयार दोन-बे, म्हणजे दोन डिस्कच्या, नॅसचा. सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे. माझं मत विचाराल तर घरात हे दुरुस्त करणारे तुम्ही एकटेच असाल, तर तयारच घ्या. पायवरचा माझा पहिला नॅस उत्तम चालायचा, फक्त मी टूरवर असताना बंद पडला की बायकोला फोनवर कमांड सांगाव्या लागायच्या. त्या फोनांची आठवण नको.

तयार डबा बहुधा रिकामा येतो, डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात. बजेट करताना नेमकं हेच विसरतं. डिस्क घेताना ती सीएमआर प्रकारची आहे ना, हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. दुसरा प्रकार एसएमआर; तो अधूनमधून कॉपी ठेवायला ठीक, नॅसमध्ये सतत लिहायला लागलं की रेंगाळतो. आणि डिस्क हातात पडल्याच्या दिवशी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते तपासा. स्वस्त मिळालेली डिस्क पुष्कळदा दुसऱ्या देशासाठी बनलेली असते. परत करायची मुदत असतानाच हे कळलेलं बरं.

३. तार

इथे थोडा वेळ थांबूया, कारण सगळे इथे घाई करतात. वायफायवर नॅस चालवायचा नाही. फोन आणि लॅपटॉप वायफायवर असू देत, पण नॅस आणि राउटर यांच्यामध्ये तारच हवी.

हिशोब बघा. गिगाबिट तारेवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे १ टीबीला अडीच तास. तीच तार १०० एमबीपीएसवर (हे मेगाबिट; असे आठ मिळून एक एमबी) चालली तर अख्खा दिवस. आणि दोन भिंतींपलीकडच्या वायफायवर सेकंदाला ५ एमबी मिळाले, तर दोन दिवस आणि वर सात-आठ तास.

माझ्या घरी तार होती, कॅट-६ होती, राउटर गिगाबिटचा होता, तरी वेग ११ एमबीच्या पुढे जाईना. तीन रविवार मी नॅसची सेटिंग्ज उलटीपालटी केली. शेवटी शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने टेस्टर आणून लावला. आठ दिवे ओळीने लागायला हवेत; लागले १, २, ३ आणि ६. बाकी चार अंधारात. कनेक्टर कापून बघितला तर तार जोडणाऱ्याने चारच वायरी आत घातल्या होत्या, उरलेल्या चार मुळापासून छाटलेल्या. त्याला विचारलं तर म्हणाला, "नेटला चारच लागतात, साहेब." खोटं नव्हतं त्याचं. १०० एमबीपीएसला चारच लागतात. गिगाबिटला आठही लागतात.

दोन्ही टोकांना हा क्रम ठेवा. कनेक्टरची खिट्टी खाली, सोनेरी दात वर आणि तार तुमच्याकडे असताना डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वायरी सरळ करा, टोकं एका रेषेत कापा, आत सरकवा आणि दाबण्याआधी कनेक्टरच्या पुढच्या पारदर्शक तोंडातून आठही तांब्याचे ठिपके दिसतात का ते बघा. पहिले तीन-चार कनेक्टर वाया जातील. दहाचं पाकीट घ्या.

केबल घेताना दुकानातच एक वायर ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, घेऊ नका. आणि लॅनची तार विजेच्या वायरींच्या पाइपातून ओढू नका, इलेक्ट्रिशियन "काय होत नाय" म्हणाला तरी. वेग राहू द्या, जिवाचा प्रश्न आहे.

काम झाल्यावर लॅपटॉप तारेने जोडून नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १०००/१००० दिसलं तरच पुढच्या पायरीवर या. १००/१०० दिसलं तर तार, कनेक्टर किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी कच्चं आहे.

४. राउटर: एकच घर, एकच नेटवर्क

फायबरवाल्याने दिलेला डबा स्वतःच राउटर असतो. त्याचा वायफाय बेडरूमपर्यंत पोचत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणून जोडतो. झालं, घरात दोन नेटवर्कं. टीव्ही एकावर, नॅस दुसऱ्यावर, आणि दोघं एकमेकांना ओळख देत नाहीत.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड शोधा आणि चालू करा. तो मोड नसेल तर त्याला पहिल्या राउटरपेक्षा वेगळा लॅन पत्ता द्या, त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि तार त्याच्या वॅन पोर्टऐवजी (तो बाहेरून येणाऱ्या नेटचा) लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांच्या) खुपसा.

मग नॅसचा पत्ता पक्का करा. राउटर कधीकधी नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) वाटतो, आज १९२.१६८.१.७ असलेला नॅस वीज जाऊन आल्यावर १२ होतो आणि सगळ्यांचे शॉर्टकट मोडतात. राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन नावाचा पर्याय असतो, तिथे नॅसच्या मॅक ॲड्रेसला (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) एक आकडा कायमचा देऊन टाका. मी १९२.१६८.१.५० दिलाय. (टाइप करताना आकडे इंग्रजीत.)

पाहुण्यांना गेस्ट वायफाय द्या, त्यावरून सहसा नॅस दिसत नाही.

५. डिस्क बसवताना

जुन्या फोटोंची डिस्क नॅसच्या खोबणीत घालू नका! नॅस पहिल्यांदा सुरू होताना आतल्या डिस्क पुसून स्वतःच्या पद्धतीने मांडतो. स्क्रीनवर इशारा येतो, पण आपण "नेक्स्ट, नेक्स्ट" करत पुढे जातो.

दोन डिस्क असतील तर नॅस विचारेल, रेड-१ करू का? म्हणजे एकीवर लिहिलेलं तसंच्या तसं दुसरीवर. ऐकायला बॅकअपच वाटतं, आणि मीही दोन वर्षं तेच समजत होतो. मग एका संध्याकाळी टीव्हीवरून फोटो बघता बघता घरातल्या कोणीतरी (नाव घेत नाही, घरात राहायचंय) गणपतीचा अख्खा फोल्डर उडवला. दोन्ही डिस्कनी तो आज्ञाधारकपणे, एकाच क्षणी उडवला. रेड-१ चा उपयोग एवढाच की एक डिस्क मेली तरी नॅस चालू राहतो. हात चुकला, व्हायरस आला, चोरी झाली, पूर आला, तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

म्हणून पैसे दोनच डिस्कचे असतील तर माझा सल्ला तयार नॅसच्या जाहिरातीच्या उलट आहे: एक डिस्क नॅसमध्ये लावा आणि दुसरी बाहेर, बॅकअपसाठी. तिसरीचे पैसे जमले की रेड करा.

फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) निवडायला मिळाली तर बीटीआरएफएस घ्या आणि स्नॅपशॉट चालू करा. स्नॅपशॉट म्हणजे कालच्या अवस्थेची खूण. पुसलेला फोल्डर त्यातून काही क्लिकमध्ये परत येतो. रोजचा एक, तीस दिवसांपर्यंत, घराला पुरतो.

६. फोल्डर आणि माणसं

आमच्याकडे चार फोल्डर आहेत: फोटो, कागदपत्रं, सिनेमे आणि प्रत्येकाचं खाजगी. नावं मराठीत ठेवली तरी चालतात. प्रत्येकाला स्वतःचा युजर द्या. ॲडमिनचा युजर रोजच्या वापरात नको. फोटोंवर आईला आणि टीव्हीला फक्त वाचायची परवानगी. गणपतीच्या प्रकरणानंतर मलाही.

विंडोजवर रन विंडो उघडून दोन उलट्या तिरक्या रेघा आणि नॅसचा आयपी टाका, फोल्डर दिसतील. पासवर्ड न ठेवता सगळ्यांना मोकळं शेअर देण्याचा मोह होतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तसलं शेअर सहसा उघडतच नाही, आणि ते बरंच आहे.

जुना टीव्ही "एसएमबी-१ चालू करा" म्हणाला तर करू नका; ती फाइल शेअर करायची जुनी पद्धत आहे. २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) याच दारातून शिरला होता. टीव्हीसाठी नॅसमधला डीएलएनए किंवा जेलीफिन वापरा, दोन्ही सिनेमे-फोटो टीव्हीवर दाखवायच्या सोयी आहेत.

७. फोन

फोनवरून फोटो आपोआप नॅसवर जायला हवेत. कोणी रविवारी बसून केबलने उतरवत नाही. तयार नॅसचं स्वतःचं ॲप असतं, पायवर इमिच नावाचं ॲप छान चालतं. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधली फुकटची अमर्याद जागा संपली आणि सगळं १५ जीबीत कोंबायची वेळ आली, तेव्हापासून या ॲप्सना बरे दिवस आलेत.

अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन हे ॲप गुपचूप झोपवतो. सेटिंगमध्ये जाऊन त्याची बॅटरीची बंधनं काढा. आयफोनवर अधूनमधून ॲप उघडावंच लागतं. आणि निवडताना एकतर्फी अपलोड निवडा, दोन्हीकडून सिंक नको. सिंकमध्ये फोनवरून पुसलेला फोटो नॅसवरूनही जातो, आणि फोन भरला की आपण पहिल्यांदा फोटोच पुसतो.

८. खरा बॅकअप

हिशोब ३-२-१ चा: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. आमचं असं आहे.

पहिली प्रत नॅसवर. दुसरी एका यूएसबी डिस्कवर. ती मी दर रविवारी सकाळी नॅसला लावतो, बॅकअपचं काम आपोआप सुरू होतं, अंघोळ-नाश्ता होईपर्यंत संपतं, मग डिस्क इजेक्ट करून ड्रॉवरमध्ये. कायम लावून ठेवत नाही, कारण रॅन्समवेअर आला तर जे जे जोडलेलं आहे ते ते कुलूपबंद करतो. ड्रॉवरपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

तिसरी प्रत सांगलीत, पण या वेळी दादाच्या नव्या घरी, दुसऱ्या मजल्यावर. तशाच दोन डिस्क आहेत. गणपतीला जाताना ताजी नेतो, तिथली आणतो. गुढीपाडव्याला परत अदलाबदल. म्हणजे अगदी वाईट वेळ आली तर सहा-सात महिन्यांचं जाईल, पंधरा वर्षांचं नाही. या डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या आहेत. एसटीत बॅग राहिली तरी आधार, पॅन आणि सातबारे कोणाच्या हाती लागायला नकोत. पासवर्ड डिस्कवर चिकटवू नका. करतात लोक.

एवढ्या महिन्यांची दरी नको वाटत असेल तर फक्त कागदपत्रं आणि निवडक फोटो एन्क्रिप्ट करून क्लाउडवर टाका. सगळं टाकायला जाऊ नका: २० एमबीपीएस अपलोडवर १ टीबी चढायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. सिनेमांचा बॅकअप मी घेतच नाही.

९. बाहेरून उघडायचं असेल तर

राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून नॅस थेट इंटरनेटवर ठेवू नका. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असे उघडे ठेवलेले हजारो क्यूनॅप नॅस कुलूपबंद केले आणि बिटकॉइन मागितले. राउटरचं यूपीएनपीही बंद करा, नाहीतर उपकरणं परस्पर दारं उघडतात.

तसंही अनेक फायबरवाले घराला स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरून दिसणारा पत्ता) देत नाहीत. राउटरमध्ये वॅनचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर पोर्ट उघडूनही काही होणार नाही. त्यापेक्षा टेलस्केल (बाहेरून घरच्या नॅसशी खाजगी जोडणी करणारं ॲप) नॅसवर आणि फोनवर टाका, एकाच खात्याने लॉगिन करा. हिंजवडीच्या बसमधूनही घरचे फोटो दिसतात.

१०. वीज आणि जागा

लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्कवरची मांडणी बिघडू शकते. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते हे ठाऊक असतं, पावसाळ्यातलं जाणं कोण सांगणार? ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पुरतो, पण तो यूएसबी तारेने नॅसला जोडता येणारा घ्या. बॅटरी संपत आली की नॅस स्वतःच नीट बंद होतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. दोन डिस्कचा नॅस सरासरी २० वॉट धरला तर महिन्याला साडेचौदा युनिट होतात.

जागा मोकळी हवेची हवी. टीव्हीच्या बंद कपाटात डिस्क तापतात. माळ्यावर एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. देवघराशेजारी ठेवला तर उदबत्तीची राख पंख्यात बसते, हे स्वानुभव. आणि जमिनीवर ठेवू नका, हे मी तरी सांगायला नको.

११. परत आणून बघा

एकदा माझा बॅकअप आठ महिने दर रविवारी "यशस्वी" म्हणत होता. फोटोंच्या फोल्डरचं नाव मी मधे बदललं होतं, आणि तो जुन्या नावाच्या रिकाम्या फोल्डरचा इमानेइतबारे बॅकअप घेत होता. म्हणून तीन महिन्यांतून एकदा कोणताही जुना फोटो निवडा आणि यूएसबी डिस्कवरून दुसऱ्याच कॉम्प्युटरवर परत आणा. उघडला, दिसला, की झालं.

आता ती वही. एका पानावर लिहा: नॅसचा आयपी, ॲडमिनचा पासवर्ड, डिस्कचा एन्क्रिप्शनचा पासवर्ड, डिस्क कुठे कुठे आहेत, बॅकअप कुठल्या सॉफ्टवेअरने घेतलाय, तो उघडायचा कसा. पान बँकेच्या पासबुकांबरोबर ठेवा. मग घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी फक्त ते पान द्या आणि तुम्ही बाहेर फिरायला जा.

बायकोला मी बारशाचा एक फोटो परत काढायला सांगितला. दादाच्या फोनमध्ये तसले बारा फोटो वाचले होते, त्यातला एक. चाळीस मिनिटांनी तिने तो व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यातली पंचवीस मिनिटं ड्रॉवरची किल्ली शोधण्यात गेली होती. ती कुठे असते हे पानावर नव्हतं. आता लिहिलंय.